'फ्रेंच स्वभाव' नावाची पळवाट

२०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला आणि माणसांना रविवारीही कामाला लावता येत नाही याची खंत बोलून दाखवली. त्यावर मराठीत जो गदारोळ उठला त्यात दोन्ही बाजूंनी एका देशाला हमखास साक्षीला ओढलं, तो म्हणजे फ्रान्स. ७० तासवाले म्हणाले, बघा, ३५ तासांचा आठवडा करून त्यांचं काय झालं: उठसूट संप, दुपारी दोन तास जेवण, ऑगस्टभर देश बंद आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. दुसरी बाजू म्हणाली, जगावं तर फ्रेंचांसारखं: वाइन, चीज, संध्याकाळी कॅफेतल्या गप्पा, नोकरी म्हणजे आयुष्य नव्हे, हे त्यांना उमगलंय. भांडण हिरिरीने झालं. पण दोघेही बोलत होते एकाच माणसाबद्दल, आणि तो माणूस अस्तित्वातच नाही. एकाला तो आळशी दिसतो, दुसऱ्याला रसिक, एवढाच काय तो फरक.

मला ही चर्चाच चुकीच्या पायावर उभी वाटते. नोकरीनिमित्त मी तुलूझमध्ये राहतो आणि रोज ज्या फ्रेंच माणसांशी गाठ पडते ती ना आळशी आहेत ना रसिक. निदान आपल्याहून जास्त नाहीत आणि कमीही नाहीत. सकाळी साडेसातला रिंगरोडवर विमान कारखान्यांकडे निघालेल्या गाड्यांची रांग हिंजवडीच्या तोडीची असते. संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत पोर उचलायला धावणारे आईबाप, शनिवारी सुपरमार्केटात ट्रॉली ढकलणारी जोडपी, विजेचं बिल वाढलं म्हणून करवादणारे शेजारी. फरक आहे तो या माणसांच्या घडणीत नाही, त्यांच्याभोवतीच्या नियमांत आहे. आपण ज्याला फ्रेंच स्वभाव म्हणतो त्याचा बराचसा भाग म्हणजे कायदे, करार, शाळा आणि सवलती. कधीतरी कुणीतरी भांडून मिळवलेल्या, कुणावर तरी लादलेल्या, आणि आजही ज्यांवर तिथे रोज वाद झडतो अशा या व्यवस्था आहेत. स्वभाव म्हटलं की विषय मिटतो. ते तसे, आपण असे, चला जेवायला. व्यवस्था म्हटलं की विचारावं लागतं: ती आणली कोणी, तिची किंमत कोण मोजतं, आणि आपल्याकडे ती का नाही? ठोकळेबाज समजुतींनी फ्रेंचांचं फारसं काही बिघडत नाही. आपला मात्र हा प्रश्न बुडतो.

३५ तासांचंच घ्या. १९९८ आणि २००० मध्ये कामगारमंत्री मार्तिन ओब्री यांनी दोन कायदे आणले. बेकारी वाढली होती. असलेलं काम जास्त हातांत वाटलं जावं, हा त्यामागचा हिशोब. पण ३५ तास ही कामाची कमाल मर्यादा नाहीच. ओव्हरटाइम कुठून मोजायचा, त्याची ती रेघ आहे. पूर्णवेळ नोकरदार प्रत्यक्षात सरासरी ३९ तासांच्या आसपास काम करतो. माझ्यासारख्या इंजिनिअर वर्गाला तर अनेकदा तास लागूच नसतात. करार वर्षाला २१८ दिवसांचा असतो आणि त्यापायी 'एर-टे-टे'च्या जादा रजा मिळतात. बेकरीवाला, प्लंबर, शेतकरी हे स्वतःचे मालक, त्यांना हा कायदा विचारतही नाही. आणि दर तासाला होणारं उत्पादन बघायचं तर फ्रान्स जर्मनीच्या जवळपास आहे, ब्रिटनच्या पुढे आहे. आळशी लोकांना हे जमलं कसं?

ही रेघ आकाशातून पडलेली नाही. १९३६ च्या मे-जूनमध्ये कारखाने ताब्यात घेऊन बसलेल्या लाखो कामगारांनी ती ओढायला लावली. लेऑं ब्लुम यांच्या सरकारने त्या उन्हाळ्यात ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. देश बुडणार अशी ओरड तेव्हाही झालीच. तिसरा आठवडा १९५६ मध्ये मिळाला, चौथा १९६९ मध्ये, आणि समाजवादी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या काळात १६ जानेवारी १९८२ च्या अध्यादेशाने पाचवा. या शेवटच्या तारखेशी मराठी वाचकाने जरा थांबावं. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. पॅरिसच्या बाहेरच्या मोटार कारखान्यातला कामगार त्या वर्षी पाच आठवडे समुद्रावर जाऊ लागला. लालबाग-परळचा कामगार गावी गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या गिरणीच्या जागी पुढे मॉल उभा राहिला. आता सांगा, गिरणगावातल्या माणसाला सुट्टीची, कुटुंबाची, गप्पांची, भजनाची आणि नाटकाची आवड कमी होती का? कामगार रंगभूमी काय नोकरी म्हणजेच आयुष्य मानणाऱ्यांनी उभी केली? रसिकपणात तो कुठेच कमी नव्हता. एकीकडे सरकार कामगारांच्या बाजूने सत्तेवर आलं होतं, दुसरीकडे संप चिरडला गेला. या घटनेचं स्पष्टीकरण स्वभावात शोधणं हा त्या अडीच लाखांचा अपमान आहे.

७० तासवाल्यांचा मुद्दा मात्र एवढ्यावर निकालात निघत नाही, कारण त्यात तथ्य आहे. फ्रान्सचं सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ११० टक्क्यांपलीकडे गेलं आहे; २०२४ मधली तूट ५.८ टक्के होती. तरुणांमधली बेकारी जर्मनीच्या दुपटीहून जास्त. तासाचं उत्पादन एवढं चांगलं दिसण्यामागेही एक खोच आहे: ज्यांची उत्पादकता कमी, असे नवशिके तरुण आणि साठीकडे झुकलेले लोक नोकरीबाहेरच राहिले की सरासरी आपोआप सुधारते. आणि ऑगस्टच्या सुट्टीचा सगळ्यात भीषण हिशोब २००३ मध्ये झाला. त्या महिन्यात उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक म्हातारे. मुलं समुद्रावर, डॉक्टर रजेवर, मंत्रीही रजेवर. पॅरिसमध्ये ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही अशा मृतांच्या दफनाला राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर राहिले.

पण त्यानंतर काय झालं तेही बघा. पुढच्याच वर्षी कायदा आला: नोकरदारांनी वर्षातला एक दिवस बिनपगारी काम करायचं आणि मालकांनी त्या बदल्यात म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या निधीत पैसे भरायचे. सुरुवातीला त्यासाठी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार ठरला होता, आता ज्याने त्याने आपल्या सोयीने दिवस ठरवावा अशी मुभा आहे. लोकांनी अर्थातच कुरकुर केली, अजूनही करतात. आमच्या ऑफिसात एक 'एर-टे-टे' त्यासाठी कापली जाते तेव्हा दरवर्षी तेच विनोद नव्याने होतात. म्हणजे सुट्टी हा त्या देशात पवित्र श्रद्धेचा विषय नाही. तो देवाणघेवाणीचा विषय आहे. किती दिवस, कुणासाठी, कुणाच्या पैशातून, यावर घासाघीस चालते. आपल्याकडच्या वादात ही घासाघीसच गायब होती. एका उद्योगपतीने आकडा सांगितला, लोकांनी मीम केले. तेव्हाच्या कारखाना कायद्यातले आठवड्याचे ४८ तास पंख्याखाली बसणाऱ्या कंत्राटी पोराला लागू होतात का, हे विचारलं किती जणांनी?

संपाचंही असंच. संपकरी फ्रेंच हा जगभरातल्या विनोदांचा कच्चा माल. कुणालाही विचारा, फ्रान्समध्ये किती टक्के कामगार युनियनचे सभासद असतील? उत्तरं पन्नास, साठ अशी येतात. खरा आकडा दहाच्या आसपास आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांहून कमी. मग इतका गाजावाजा कशाने? एक तर संपाचा हक्क राज्यघटनेचाच भाग आहे आणि तो युनियनचा नसून माणसाचा स्वतःचा आहे. दुसरं, मालक आणि युनियन यांच्यातला करार त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना लागू होतो, सभासद असो वा नसो. मग वर्गणी भरायची कशाला? त्यामुळे युनियनांकडे सभासद कमी, पैसा कमी, आणि आपलं बळ दाखवायला रस्ता हाच मार्ग. जर्मनीत टेबलावर बसून आधी बोलणी होतात आणि ती फिसकटली तर संप होतो. फ्रान्समध्ये बऱ्याचदा संप झाला की मग टेबल मांडलं जातं. हा तापट रक्ताचा परिणाम आहे, की व्यवस्थेच्या रचनेचा? शिवाय संपाच्या दिवसाचा पगार कापला जातो. १९९५ च्या हिवाळ्यात रेल्वे आणि मेट्रो तीन आठवडे ठप्प झाली तेव्हा खाजगी नोकरीतले लोक पायपीट करत कामावर गेले आणि तरी संपकऱ्यांच्या बाजूने राहिले. आपल्या वतीनेही तेच लढताहेत, अशी भावना होती. सरकारला पेन्शनची योजना मागे घ्यावी लागली. २०२३ मध्ये मात्र निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध महिनोन्‌महिने मोर्चे निघाले, आणि सरकारने मतदान टाळून कलम ४९.३ वापरून कायदा रेटलाच. संप केला की फ्रान्समध्ये सगळं मिळतं, हाही एक गोड गैरसमज.

आणि हे संपकरी, कॅफेत बसणारे, मोर्चे काढणारे लोक आपण कुठले बघतो? पॅरिसचे. पॅरिस शहरात २१ लाख लोक राहतात, देशात ६.९ कोटींच्या आसपास. उरलेला फ्रान्स कसा जगतो हे जगाला २०१८ च्या १७ नोव्हेंबरला एकदम दिसलं, जेव्हा पिवळी जाकिटं घातलेली माणसं चौकाचौकांत उभी राहिली. ते जाकीट २००८ पासून प्रत्येक गाडीत ठेवणं सक्तीचं आहे, म्हणून ते घराघरात होतं. जागा निवडली ती गावाबाहेरची गोल चौकांची, कारण फ्रान्समध्ये चौक नाही असं गाव सापडणार नाही. निमित्त होतं डिझेलवरच्या करवाढीचं. दशकानुदशकं सरकारनेच कर कमी ठेवून लोकांना डिझेलच्या गाड्या घ्यायला लावल्या होत्या. गावातलं पोस्ट, प्रसूतिगृह, रेल्वे स्टेशन बंद होत गेलं होतं. कामाला जायचं तर रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी हाणण्याला पर्याय नव्हता. त्या चौकांत लाकडी फळ्या पेटवून कॉफी पीत उभ्या असलेल्यांत वृद्धाश्रमातल्या आया होत्या, ट्रकचालक होते, पेन्शनवर गुजराण करणाऱ्या बायका होत्या. महिन्याच्या वीस तारखेनंतर खात्यात काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. यांतला कोणता माणूस आपल्या मीममध्ये बसतो?

इथे एक दमदार आक्षेप येतो, आणि तो मला स्वतःलाही छळतो. सगळं काही कायद्यानेच होतं का? संस्कृती म्हणून काही असतं की नाही? दुपारी बाराला हातातलं काम टाकून माणसं एकत्र जेवायला बसतात, त्याला काय सरकारी परिपत्रक लागतं? गंमत म्हणजे लागलं होतं. कामाच्या जागी बसून जेवायला तिथल्या कामगार कायद्यानेच मनाई होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कारखान्यांतली विषारी धूळ कामगारांच्या पोटात जाऊ नये म्हणून आलेला हा नियम. कोविडमध्ये २०२१ साली तो शिथिल करावा लागला. त्याला जोड मिळाली मालकाने निम्माअधिक वाटा उचललेल्या जेवणाच्या कुपनांची आणि कंपनीच्या कँटीनची. शाळेतही तेच: कँटीनमध्ये मुलांना आधी कोशिंबीर, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, मग फळ असं क्रमाने जेवायला शिकवतात, आणि २०१९ पासून आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण देणं बंधनकारक आहे. तीन वर्षांच्या पोराला वीस वर्षं असं जेवू घातलं की तो पुढे दुपारी बाराला उठणारच. नियमाची सवय होते, सवयीची संस्कृती होते, आणि मग ती संस्कृती नियमाला बदलू देत नाही. ब्रेडचं उदाहरण तर आणखी बोलकं. 'बागेत' या ज्या लांब फ्रेंच पावाला युनेस्कोने २०२२ मध्ये वारशाचा मान दिला त्याचा उत्तम प्रकार, 'त्रादिस्यों', १९९३ च्या एका सरकारी हुकमाने जन्माला आला. कारखान्यातल्या गोठवलेल्या पिठाने बेकऱ्या बुडायला लागल्या, तेव्हा हा पाव गोठवायचा नाही आणि त्यात वरची रसायनं घालायची नाहीत असं कायद्याने ठरवलं. शतकांची वाटणारी ही परंपरा आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांहून लहान आहे. आणि छोट्या दुकानांचा, आठवडी बाजारांचा म्हणून जो देश आपण मिरवतो, तिथेच १९६३ मध्ये पॅरिसजवळ कारफूरने युरोपातल्या पहिल्या हायपरमार्केटांपैकी एक उघडलं. वाइनचा दरडोई खप १९६० च्या दशकात वर्षाला शंभर लिटरांवर होता, तो आता त्याच्या निम्म्याहूनही खाली आला आहे. मॅकडोनाल्डची दीड हजारावर दुकानं तिथे आहेत आणि ती रिकामी नसतात.

तरी काही गोष्टी कुठल्याच कायद्यात नाहीत, हे मान्य करायला हवं. 'बोंजूर' त्यांतली एक. आमच्या गल्लीतल्या बेकरीत सकाळी रांग दारापर्यंत येते. आत येणारा प्रत्येक जण कुणाकडेही विशेष न बघता सगळ्यांना मिळून एक बोंजूर म्हणतो, रांगेतले दोघं-तिघं पुटपुटत परत देतात. पाळी आली की पुन्हा बाईंना वेगळं बोंजूर, मग 'एक त्रादिस्यों, फार भाजलेली नको', मग कृपया, मग पावाभोवती गुंडाळलेली कागदाची पट्टी हातात घेऊन आभार, मग 'दिवस चांगला जावो'. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, लिफ्टमध्ये, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, सगळीकडे हेच. दुकान त्यांच्या लेखी कुणाचं तरी घर आहे. उंबरा ओलांडताना आवाज द्यायचा असतो. आता बारा दिवसांत आठ देश करणारा आपला प्रवासी त्या दुकानात शिरतो आणि थेट विचारतो, 'हाऊ मच?' समोरची बाई तोंड वाकडं करते. प्रवासी घरी येऊन सांगतो, फ्रेंच उद्धट. बाई घरी जाऊन सांगते, पर्यटक उद्धट. दोघंही खरं बोलतात. नीसमधल्या एका कॅफेने २०१३ मध्ये पाटीच लावली होती: नुसतं 'एक कॉफी' म्हणालात तर ७ युरो, 'कृपया' जोडलंत तर ४.२५, आणि आधी बोंजूर म्हणालात तर १.४०. वेटरचंही तसंच. सेवेचा आकार बिलातच धरलेला असतो, त्याला महिन्याचा पगार असतो, टिपवर त्याचं पोट नसतं. त्यामुळे तो हसून गोंडा घोळत नाही, आणि तुम्ही मागितल्याखेरीज बिल आणत नाही, कारण ते न मागता आणणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं. ग्राहक हा देव, असं तिथे कुणी मानत नाही. देवाला सवय असते ओरडण्याची, त्याला हे झोंबतं.

पण यातून 'फ्रेंच खरे तर फार प्रेमळ हो' असा उलटा ठोकळा मला घडवायचा नाही. अर्जावरचं नाव अरबी असलं की मुलाखतीला बोलावणं कमी येतं, हे चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घर भाड्याने शोधताना फोनवर सगळं ठरतं आणि प्रत्यक्ष भेटीत जागा 'नुकतीच गेलेली' असते, हे इथे राहणाऱ्या कितीतरी भारतीयांनी अनुभवलंय, मीही. प्रजासत्ताक सगळ्यांना समान मानतं, म्हणून लोकांचा वंश किंवा धर्म जनगणनेत विचारत नाही. आणि विचारत नाही म्हणून भेदभाव किती आहे हे आकड्यांत नीट मांडताही येत नाही. हाही स्वभाव नाही, हीही एक व्यवस्था, आणि तिचे बळी आहेत. २००४ च्या कायद्याने शाळेत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी आली, रोख होता हिजाबवर, पण पगडी घालणारी शीख मुलंही शाळेबाहेर गेली. दुसरीकडे ऑगस्टच्या अखेरीस पॅरिसच्या ला शापेल भागात गणपतीचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. १९९६ पासून हे चालू आहे. रथ ओढणारे बहुतेक श्रीलंकेतून आलेले तमिळ, त्यांची मुलं तिथेच जन्मलेली. फ्रेंच माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे त्या रथाच्या दोरीला धरलेली मुलगी का येत नाही?

प्रेमाचा आणि मोकळेपणाचा ठोकळा तर फारच स्वस्त. ज्या देशाला आपण बाईच्या मुक्तीचं माहेर समजतो तिथे बायकांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला आणि पहिलं मत १९४५ मध्ये पडलं. मुंबई प्रांतात, मालमत्तेच्या अटीने का होईना, तो १९२१ मध्ये मिळाला होता. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायला आणि बँकेत खातं उघडायला विवाहित फ्रेंच बाईला १९६५ पर्यंत थांबावं लागलं.

भित्रेपणाच्या विनोदांची तर कुळकथाच ठाऊक आहे. १९४० ची शरणागती खरी. पण १९१४ ते १९१८ मध्ये उण्यापुऱ्या चार कोटींच्या त्या देशाचे सुमारे १४ लाख सैनिक मेले. आजही बहुतेक प्रत्येक गावात त्या नावांचा खांब आहे, आणि खेडं जितकं लहान तितकी ती यादी अंगावर येते. उत्तरेला नव-शापेलला आपल्या सैनिकांचंही स्मारक आहे, त्यावर ४,७०० हून जास्त नावं. मग भित्रे फ्रेंच ही टर एकाएकी जोरात कधी आली? २००३ मध्ये, फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला तेव्हा. अमेरिकी संसदेच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचं नाव बदलण्यापर्यंत मजल गेली. ते युद्ध कशावर उभं होतं हे पुढे सगळ्यांना कळलं. विनोद मात्र राहिला, आणि आपण तो इंग्रजीतून आयता उचलून मराठीत सांगतो. आपला फ्रान्सशी स्वतःचा संबंध काही कमी जुना नाही. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात उडी घेतली, किनारा गाठला, आणि एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. लगेच झाँ जोरेस आणि मार्क्सचा नातू झाँ लाँगे यांच्यासारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी आश्रयाचा हक्क तुडवला गेला म्हणून रान उठवलं, आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. शिपाई फ्रेंच होता, जोरेसही फ्रेंच. खरा फ्रेंच स्वभाव यांतल्या कुणाचा म्हणायचा?

शेवटी भाषेबद्दल, कारण आपल्याकडे फ्रान्सचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते इथे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला, जूनच्या अखेरीस सरकारने निर्णय मागे घेतला. त्या सगळ्या काळात एक वाक्य सतत कानावर पडत होतं: 'भाषेचा अभिमान फ्रेंचांकडून शिका.' हिंदी सक्तीच्या विरोधात मीही आहे. पण हा दाखला देणाऱ्यांना तो कुणीकडे नेतो याची कल्पना आहे का? १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला. त्याच्या अंदाजाने किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येतच नव्हतं, तेवढ्यांनाच ते धड बोलता येत नव्हतं, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांवर नव्हते. म्हणजे फ्रेंच ही बऱ्याच फ्रेंचांची मातृभाषाच नव्हती. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, अल्सेशियन बोलत. अहवालाच्या नावातच या बोली नष्ट करण्याची गरज असा शब्दप्रयोग होता. पुढे १८८० च्या दशकात शाळा मोफत आणि सक्तीच्या झाल्या आणि वर्गात घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात एखादी ओंगळ वस्तू अडकवली जाऊ लागली. ती उतरवायची तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी घरची भाषा बोलताना पकडून द्यायचं. असा तो अभिमान तयार झाला. १९९२ मध्ये राज्यघटनेत फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असं लिहिलं गेलं, १९९४ च्या तुबों कायद्याने जाहिरातींपासून करारांपर्यंत फ्रेंच सक्तीचं झालं. हे आपल्याला माहीत असतं आणि आवडतं. प्रादेशिक भाषांसाठीच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली पण ती आजवर मंजूर केली नाही, आणि २०२१ मध्ये शाळेत प्रादेशिक भाषेतून सगळे विषय शिकवण्याची तरतूद तिथल्या घटना परिषदेने रद्द केली. हे मात्र कुणी सांगत नाही. तुलूझ हा ऑक्सितानचा मुलूख. इथल्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनचं नाव फ्रेंचनंतर ऑक्सितानमध्येही पुकारतात. ध्वनिमुद्रित आवाजातच, डब्यात ती भाषा बोलणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

तेव्हा मराठीच्या बाजूने फ्रान्सचा दाखला देणाऱ्याने मराठी कुठल्या खुर्चीत बसली आहे ते आधी सांगावं. दिल्लीच्या धोरणापुढे ती ऑक्सितानच्या जागी आहे, आणि तिथून बोलायचं तर पॅरिस हा आदर्श नव्हे, धोका आहे. पण गडचिरोलीत, मेळघाटात, सातपुड्यात, गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या पोराच्या पुढे तीच मराठी पॅरिसच्या जागी बसलेली असते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर मान्यता नाही म्हणून तिला शिक्षण खात्याची नोटीस आली. ती नोटीस पॅरिसच्या शिक्षण खात्याने एखाद्या ब्रेतों गावाला धाडली असती, तरी तिच्यातला मजकूर फार वेगळा नसता.